लाईट आली

"उद्या फोटोत तोंड मिटून बसायचं न्हाई, आप्पा. सांगून ठेवते," आरती म्हणाली. उद्या तिचा साखरपुडा होता, आणि आज सकाळी दातानं ऊस सोलताना सहादेवआप्पांचा पुढचा अर्धा दात उसातच राहिला होता. तिनं बापाला तसंच उचलून राहुरीच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर निकितानं दाताच्या रंगाचा मऊ मसाला तुटक्या जागी बसवून त्याला आकार दिला. "आता हलू नका, काका. यावर निळी लाईट मारली की वीस सेकंदांत दगड होतो. तोवर नुसतं लोणी. ओठसुद्धा लावायचा नाही."

"आँ," आप्पा म्हणाले.

लाईट मारायचं यंत्र जाड पेनाएवढं होतं. बटण दाबलं, पेटेना. डॉक्टरांनी ते मदतनीस रेश्माकडे दिलं. तिनं बॅटरी काढली, पदराला पुसली, परत बसवली आणि आनंदानं ओरडली, "म्याडम, लाईट आली!"

पुढचं आप्पांनी केलं नाही, त्यांच्या पायांनी केलं. तीस वर्षं हे दोन शब्द ऐकले की ते पाय ताटावरून, न्हाव्यापुढून, एकदा तर मयतीतून उठून विहिरीवरच्या मोटारीकडे पळाले होते. मोटार इथून सहा किलोमीटरवर आहे, हे पायांना कोण सांगणार?

"आप्पा, ती लाईट न्हाई वो!" आरती मागं धावली.

"काका, तोंड मिटू नका!" यंत्र घेऊन डॉक्टर तिच्या मागं.

आप्पा फटफटीला किक मारत होते. तोंड मात्र शहाण्यासारखं उघडं. "ओ... आर... आलू..."

"मोटर राहू द्या!" डॉक्टरांनी भररस्त्यात त्यांची हनुवटी धरली आणि निळा उजेड पाडला.

पेरूवाली भीमाबाई वाकून बघू लागली. "चावी गिळली का काय ह्यानं?"

दात दगड झाला. आप्पांनी जीभ फिरवून पाहिली आणि विचारलं, "मंग आपल्याकडं आली का न्हाई लाईट?"

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरनं सगळ्यांना ओळीत बसवलं. "आप्पा, हसा!" तेवढ्यात मळ्याकडून आरोळी आली, "लाईट आलीऽऽ!"

तो फोटो आता भिंतीवर आहे. व्याही पाठमोरे. नवरदेवाचा एक पाय हवेत. पाच खुर्च्या आडव्या. मधे आरती, आणि तिच्या शेजारी सगळे दात दाखवत बसलेले एकटे आप्पा.

"त्यांचं उपरणं मीच खुर्चीला बांधलं हुतं," आरती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आप्पा नुसती मान डोलावतात. गाठ त्यांनी आरोळी यायच्या आधीच सोडली होती.