पंधरा मिनिटं पुढं

"दहा मिनिटांचं काम हाय," जयराजनं सकाळी सांगलीतनं निघताना बायकोला छाती ठोकून सांगितलं. "बाराची गाडी धरली की दीडला नाट्यगृहात."

गेल्या वर्षी असलंच दहा मिनिटांचं काम उरकून तो लेकीच्या गॅदरिंगला पोचला, तेव्हा मांडववाला खुर्च्या गोळा करत होता. यंदा तर लेकीचा, प्रांजलचा नाच कार्यक्रमात पहिलाच होता.

"आवं, यंदा चुकलासा तर पोरीला तुमीच समजवायचं," सोनिया म्हणाली.

मोटारसायकल गॅरेजात पडलेली, म्हणून एसटी. तासगावच्या पलीकडं रानात लालासाहेबांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. तिथल्या गेटासमोरनं सांगलीची गाडी बाराला जाते, ती चुकली की मग थेट तीनला.

तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर लिनक्स घातलं होतं जयराजनंच. सगळ्यांची नावं आणि पासवर्ड मालकांच्या केबिनमधल्या सर्व्हरवर. कुणीही कुठल्याही टेबलाशी बसावं, पासवर्ड टाकावा, सर्व्हरनं ओळख पटवावी आणि आत घ्यावं. या सोयीचं त्यानं गावभर कौतुक केलेलं, आणि आज सर्व्हर कुणाला ओळखच दाखवत नव्हता.

"दादा, पासवर्ड बरोबर हाय माझा," हिशेब बघणारी पायल म्हणाली. "काल ह्यानंच उघडलं हुतं."

जयराजनं तो बदलून दिला. नवाही चालेना. गोदामाचे कारकून भाऊसो यांनी तोवर स्वतःचा, बायकोचा आणि नातवाचा पासवर्ड टाकून बघितला आणि खातं कुलूपबंद करून घेतलं. जयराजनं ते सोडवलं. भाऊसोंनी पुन्हा बंद केलं. मग केबल तपासावी म्हणून त्यानं टेबलाखाली शिरून एक वायर उपसली, तर बाहेर वजनकाटा बंद पडला आणि सगळे हमाल हात पुसत ऑफिसात बघायला आले.

"मालक, जरा वारा येऊ द्या," जयराज टेबलाखालनं म्हणाला.

"व्यापारी येऊन बसल्यात, गड्या," लालासाहेब म्हणाले. "सौदा सुरू झाल्याबिगर मी तुला सोडत न्हाई."

आता त्यानं लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. खरं तर तो आधीच उघडायचा असतो. त्यात स्वच्छ लिहिलेलं: सर्व्हरच्या आणि बाकीच्या मशिनांच्या घड्याळात फरक आहे. पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की सर्व्हर आत घेत नाही. कालच्या तिकिटावर कंडक्टर आज बसू देत नाही, तसंच हे. जयराजनं सर्व्हरची वेळ बघितली. भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळत होती. म्हणजे बाकीचीच मशिनं मागं पडलेली. बिचारा एकेका मशिनापुढं बसून त्यांची घड्याळं पुढं ढकलायला लागला.

तेवढ्यात सोनियाचा फोन आला. "निघालासा का? साडेअकरा वाजले."

जयराजनं भिंतीकडं बघितलं. पावणेबारा.

"पायल, हे घड्याळ..."

"ते व्हय? पंधरा मिनिटं पुढं हाय. मानसं येळवर यावीत म्हणून मालकांनी आधी दहा मिनिटं पुढं लावलेलं. मग आमी दहा वजा करून यायला लागलो, तवा त्यांनी आनि पाच वाढवली. आता आमी पंधरा वजा करतो."

"आन सर्व्हर?"

"त्योबी लय मागं हुता," लालासाहेब म्हणाले. "तू परवा उघडाच ठेवून गेलतास. काल सांजच्याला मी पुढं केला, तर आपोआप मागं यायचा. मग त्यातलं ते आपोआपचं बटनच बंद केलं. तुला सांगायचं राह्यलं बघ."

जयराज उठला. सर्व्हर जाग्यावर आणला, मघाशी ढकललेली मशिनं मागं घेतली, आणि रागाच्या भरात खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळही बरोबर लावून टाकलं. पायलचं खातं उघडलं. भाऊसोंचंही उघडलं. सौदा सुरू झाला, वजनकाटा लागला, हमाल गेले.

जयराजनं मोबाईल चार्जिंगला लावला आणि खुर्चीत अंग टाकलं. मालकांनी खूश होऊन चहा सांगितला. चहा येईतो घड्याळात बाराला पाच कमी झाले. जयराज उठायला लागला.

"बस रं, चा घे," भाऊसो म्हणाले. "पंधरा मिनिटं पुढं हाय ते."

सकाळपासनं डोक्याचा भुगा झालेल्या जयराजनं पंधरा वजा केले आणि शांतपणे बशीत चहा ओतला. अर्धी बशी झाली असेल, तोच गेटासमोरनं हॉर्न वाजला. धावत बाहेर येईतो गाडीचा पाठीमागचा भाग तेवढा दिसला. मग धुरळा.

आतनं मोबाईल काढून आणून त्यानं गेटाशीच सोनियाला फोन लावला आणि गाडी चुकल्याचं सांगितलं.

"घड्याळ बघत नव्हतासा काय?"

"बघतच तर बसलो हुतो," जयराज म्हणाला.

मागं लालासाहेब येऊन उभे राहिले होते. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, मग जयराजकडं, आणि मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणून सांगत असतो, बाबा. घड्याळ आपलं पुढंच असावं."