कॉलनीच्या बागेत नव्वद मेंढ्या

"लॉन पिवळं पडलंय, धुळाजी! रविवारी पाहणीवाले येऊन राह्यले, अन् आपली बाग कावीळ झाल्यावानी दिसती!" बाग समितीचे अध्यक्ष अप्पाराव गेटवरूनच ओरडले.

त्या आठवड्यात जालन्यातल्या कॉलन्याकॉलन्यांच्या बागांची पाहणी होती. पहिल्या येणाऱ्या बागेला बोअर मिळणार होता. त्यासाठी अप्पारावांनी चाळीस रोपं लावली होती आणि प्रत्येक रोपापुढं एकेका सभासदाच्या नावाची पाटी ठोकली होती. सगळ्यात मोठी पाटी कुणाची होती ते सांगायला नकोच.

धुळाजींना बोअर नको होता. त्यांना फक्त बागेची किल्ली हवी होती. दिवाळीत त्यांची बायको गोपिकाबाई वारली, मेंढ्या पुतण्याच्या हवाली झाल्या आणि मुलानं म्हाताऱ्याला केदारखेड्याहून तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तिथं ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसायचे. बागेची राखण अंगावर आल्यापासून कुठं दोन वेळा जेवायला लागले होते. त्यांची दहावीतली नात रेणू हे रोज ताटावरून ओळखायची. किल्ली गेली तर आबा पुन्हा भिंतीपुढं जाऊन बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"खत पायजे खत! तुम्ही रानातले, करा कायतरी जल्दी," अप्पाराव म्हणाले.

"एका दुपारचं काम हाय. करतो की," धुळाजी म्हणाले.

अप्पारावांच्या डोळ्यांपुढं पोतं होतं. धुळाजींच्या डोळ्यांपुढं पुतण्या, गोरक्षनाथ. उभ्या हयातीत त्यांनी एकच खत पाहिलेलं: शेतकरी बोलावणार, आपण त्याच्या वावरात मेंढ्या बसवणार, लेंड्यांनी जमीन काळीभोर होणार आणि वर शेतकरी पायलीभर ज्वारी देणार. त्यांनी केदारखेड्याला फोन लावला.

शनिवारी दुपारी रेणू अर्ध्या दिवसाच्या शाळेतून आली, तर बाग चक्क बें-बें करत होती! आत नव्वद मेंढ्या. गेटपाशी आबा, कमरेवर हात, चेहरा असा उजळलेला की रेणूला क्षणभर रागावताच येईना. गोरक्षनाथ समोरच्या टपरीवर चहा पीत होता.

"आबा! अहो, त्या रोपं खाऊन राह्यल्या!"

"न्हाई खात. बसतेत बराबर."

मेंढ्या बसल्या नाहीत. पलीकडच्या टोकाची रोपं त्यांनी आधी संपवली, मग झेंडू, मग स्वागताच्या कमानीला बांधलेला आंब्याचा पाला. एक कोकरू घसरगुंडीवरून खाली आलं, लगेच वळून पुन्हा शिडीकडं गेलं, आणि कॉलनीतली पोरं मागं रांग लावून उभी राहिली.

दुपारच्या झोपेतून उठून अप्पाराव बनियनवरच धावले. "माझं रोप! माझ्या नावाचं रोप!" रोप नव्हतं. पाटी होती, आणि एक मेंढी तिला अंग घासत होती. तिला ढकलायला गेले आणि ताज्या खतावरून घसरून तिच्याशेजारीच बसले.

नेमकी तेव्हाच गेटवर जीप थांबली. पाहणीवाल्या बाई उतरल्या. "इकडून चाललो होतो, म्हटलं आजच बघून घेऊ," असं म्हणत त्यांनी एक पाऊल आत टाकलं, सँडल उचलून खालून पाहिली आणि तेच पाऊल जीपमध्ये नेऊन ठेवलं.

बोअर गेला.

संध्याकाळी उघड्याबोडक्या बागेत सभा भरली. "किल्ली काढून घ्या!" सगळ्यांचा एकच सूर. सचिव मीनाताई वही उघडून बसल्या. धुळाजींनी कुणी मागायच्या आतच किल्ली काढून पुढं धरली. रेणू सरकून आबांच्या शेजारी उभी राहिली.

"पन्नास वर्सं मेंढ्या वळल्या तुम्ही," अप्पाराव कडाडले. "मेंढ्या झाडं खातेत, एवढंही ठावं न्हाई?"

"ठावं हाय की," धुळाजी हळूच म्हणाले. "वावरात बसवताना दोघं लागतेत. एक वाटेवर, एक पिकाकडं. मी वाटेवर उभा राह्यलो." त्यांनी पलीकडच्या टोकाकडं पाहिलं. "पिकाकडं कायम तीच असायची. मला वाटलं, हाय."

मीनाताईंचा पेन वहीवर तसाच टेकलेला.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

अप्पारावांनी धोतराला लागलेली एक वाळकी लेंडी बराच वेळ खरवडली. "लिहा, रोपं कुणी खाल्ली ते समजलं न्हाई."

"अहो, नव्वद मेंढ्या होत्या!"

"मी झोपेत होतो. तुम्ही पाह्यल्या का?"

मीनाताईंनी धुळाजींच्या पुढं धरलेल्या हाताकडं पाहिलं. "मी तर भिशीला गेल्ते," म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. अप्पारावांनी तो हात किल्लीसकट धुळाजींच्या खिशाकडं वळवला आणि पाठ फिरवून निघाले.

माणसं पांगली. धुळाजी गेटपाशीच, पलीकडच्या टोकाकडं बघत उभे. रेणू तिकडं पळाली आणि पाट्यांच्या रांगेत उभी राहून ओरडली, "आबा, इथं बराबर हाय का?"

म्हाताऱ्यानं डोळे पुसले, हात हलवला.

"अजून जरा मागं, बाळ. ती बांधावर उभी राह्यची."