इल्फर्डचा सौदा

देवस्थळीकाकांनी मला पहिल्या भेटीतच इल्फर्डला देऊन टाकलं होतं.

पुण्याहून लंडनच्या हॅरो भागात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारी मराठी माणसं राहतात असं कळलं, म्हणून चिवड्याचा पुडा घेऊन ओळख करून घ्यायला गेलो. दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर बेसबॉलची निळी टोपी होती आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. त्यांनी मला बसवलं, नाव विचारलं आणि चष्म्यावरून नीट न्याहाळत म्हणाले, "मंदार, गाता येतं? नाही. ढोलकी? तीही नाही. मोदकाला कळ्या पाडता येतात? मग असं करू. लंडनच्या दुसऱ्या टोकाला इल्फर्डचं मराठी मंडळ आहे, त्यांच्याकडे एक फर्स्ट क्लास ढोलकीवाला आहे. तो आपण घेऊ आणि तुला त्यांना देऊ. वर एखादी मोठी कढई द्यावी लागेल."

"अहो, तो चहाला आलाय," आतून आवाज आला. "निदान चहा होऊ द्या त्याचा, मग पाठवा कुठे पाठवायचा तो."

त्या कुमुदकाकू. चहा छान होता, पण 'वर कढई द्यावी लागेल' हे मला पुढे बरेच दिवस लागून राहिलं.

काकांचं हाय स्ट्रीटवर चष्म्यांचं दुकान होतं. निम्म्या हॅरोचे डोळे त्यांनी तपासलेत. तरुणपणी ते वर्षभर अमेरिकेत होते. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, हे बेसबॉल घेऊन आले. तेव्हापासून हा माणूस अशा एका खेळावर जीव टाकून आहे, जो आमच्या अख्ख्या रस्त्यात दुसऱ्या कुणालाही कळत नाही. पलीकडचा कीथ कुंपणावरून मुद्दाम विचारतो, "राउंडर्स अगेन, अरविंद?" राउंडर्स म्हणजे इथल्या शाळांत मुली खेळतात तो खेळ. काका दोन दिवस कीथशी बोलत नाहीत. मग न राहवून त्याच्या चष्म्याची वाकडी काडी सरळ करून देतात आणि बोलणं सुरू होतं.

सामने तिकडे संध्याकाळी, म्हणजे आपण झोपलेले असताना होतात. काका ते सकाळी पोहे खाताना बघतात. आधीच कुणी निकाल सांगून टाकेल ही भीती नाही. "या देशात राहण्याचे फायदे आहेत रे," ते म्हणतात. संघाचं नाव ते कधी घेत नाहीत, नुसतं 'आमची मंडळी' म्हणतात. मंडळी बहुधा हरलेली असते.

पण काकांना खेळापेक्षाही रस हिवाळ्यात. हिवाळ्यात खेळ बंद असतो आणि सगळे संघ आपापसांत माणसांची देवघेव करत बसतात. कोण द्यावा, कोण घ्यावा, कुणाला आता घरी पाठवावा, यावर काकांची मतं तयार असतात आणि ती ऐकायला मी शेजारी असतो. "तो डावखुरा द्यायलाच हवा होता. नाव मोठं आहे, कबूल. पण धावतो कसा? रविवारी ट्रेन बंद ठेवून बस सोडतात ना, ती बरी." किंवा, "हा नवा पोरगा घेतलाय, त्याला कुणी ओळखत नाही. पण बघशील तू. हा सोनं आहे."

त्यांचे नियम दोन. पहिला, 'गेल्या वर्षीच्या खेळावर यंदाची जागा नाही.' दुसरा, 'भावना घरी ठेवून यायचं.'

हे सगळं टीव्हीपुरतं राहिलं असतं तर माझी हरकत नव्हती. पण आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी कुठलं काम करायचं, हे ठरवायचं खातं काकांकडे आहे. एका निवृत्त हार्ट सर्जनना त्यांनी नारळ खवायला बसवलं. "हात स्थिर आहे, वाया कशाला घालवा?" जोशीवहिनींना उकडीवरून काढून सारणावर टाकलं, तर त्या वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. इल्फर्डशी तर काकांचा बाकायदा व्यापार चालतो. त्यांचा ढोलकीवाला खरोखरच आमच्याकडे आला. बदल्यात मी नाही, पुरणपोळ्या लाटणाऱ्या दोन बहिणी गेल्या. मला घ्यायला इल्फर्डने कढईसकट नकार दिला होता, हे मला नंतर कळलं.

माझ्यासाठी काकांनी एक खास शब्द ठेवलाय. "तू युटिलिटी प्लेअर. कुठेही उभा केला तरी चालतो आणि कुठूनही काढला तरी अडत नाही."

"मनावर घेऊ नकोस," काकू म्हणायच्या. "माझी जागा तरी कुठे पक्की आहे? कुणी बरी भेटली तर हे मलाही देऊन टाकतील, वर कुकर देऊन."

दोन्ही नियमांतून काकांनी एकच माणूस वगळलेला होता. त्यांच्या मंडळींचा म्हातारा कॅचर. क्रिकेटमधे विकेटकीपर असतो, साधारण त्या जागी हा उकिडवा बसलेला असतो. त्याची फलंदाजी संपली होती आणि गुडघे गेले होते. एका हिवाळ्यात मंडळींनी त्याला देऊन टाकलं. त्या दिवशी काकांनी टोपी घातली नाही आणि पोहेही खाल्ले नाहीत.

"काका, गेल्या वर्षीच्या खेळावर यंदाची जागा नाही, तुम्हीच म्हणता ना?" मी संधी साधली.

"कॅचरचं वेगळं आहे," ते चिडून म्हणाले. "सगळं मैदान एकीकडे तोंड करून उभं असतं, हा एकटा उलटा बसतो. पिचरने पुढचा चेंडू कुठला टाकायचा, हे हा मांड्यांच्या आड बोटांनी सांगतो. पिचरला नाही पटलं तर तो मान हलवतो. मग हा पुन्हा सांगतो. चेंडू चांगला पडला की टाळ्या पिचरला. कॅचर काय करतो ते कुणाला दिसतच नाही, तर त्याची किंमत कोण करणार?"

टोपी आठवडाभर खुंटीवरच होती.

आता काकूंबद्दल. मंडळाच्या गणपतीत आरती सुरू करून द्यायचा मान वर्षानुवर्षं कुमुदकाकूंचा. आवाज खणखणीत, ताल पक्का. आणि हे सोपं नाही, कारण हॉलमधली निम्मी माणसं मोबाइलमधे बघून आरती म्हणत असतात आणि उरलेली नुसते ओठ हलवतात. काकू पुढे असल्या की सगळ्यांना वाटतं, आपल्याला आरत्या पाठ आहेत.

गेल्या वर्षी काकूंनी गणपतीची म्हटली, शंकराची म्हटली, देवीची म्हटली आणि पुन्हा शंकराची सुरू केली. हॉलने ती निमूटपणे म्हटली. मग काकू थांबल्या. पुढे काय, ते त्यांना आठवेना. त्यांनी मागे वळून आमच्याकडे पाहिलं, आणि ते बघणं मला अजून आठवतं. शेवटी ढोलकीवाल्याने विठोबाची सुरू करून वेळ मारून नेली.

नंतर तसं बरंच दिसायला लागलं. दूध गॅसवर ठेवून काकू बागेत जायच्या. मला एकदा त्यांनी, "पुण्याहून कधी आलास?" असं नव्याने विचारलं. काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

यंदा उत्सवाआधीच्या मीटिंगमधे आमच्या अध्यक्षा शुभदाताईंनी विषय काढला. त्या वाईट नाहीत. त्यांना काकूंची फजिती पुन्हा व्हायला नको होती. "काका, नवीन आलेल्यांमधे एक मुलगी छान शिकलेली आहे गाणं. यंदा तिला आरती देऊ या का? तुमचाच नियम आहे, म्हणून तुम्हालाच विचारते."

सगळे काकांकडे बघायला लागले. एरवी ज्या माणसाने जोशीवहिनींना डोळ्याची पापणी न लववता सारणावर टाकलं, तो टेबलाकडे बघत बसला होता.

"नियम बरोबर आहे," ते अखेर म्हणाले. "पण पहिल्या दिवसाची आरती कुमुदला द्या. एक जरी चुकली तर त्या मुलीला पुढे करा. मी स्वतः कुमुदला खुर्चीत बसवीन. तिला काय सांगायचं ते माझं मी बघेन."

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "काका, एवढ्या लोकांसमोर कशाला परीक्षा?"

"ती सकाळी उठली की पहिल्यांदा विचारते, गणपती कधी आहेत," ते म्हणाले. "बाकी काही विचारत नाही रे आता."

पहिला दिवस उजाडला. हॉल भरला. धुराचा अलार्म वाजतो म्हणून कापूर बाहेर लॉनवर आणि गणपतीपुढे बॅटरीच्या पणत्या, अशी आमची व्यवस्था. काकू मोतिया रंगाची साडी नेसून मूर्तीसमोर उभ्या राहिल्या. आणि काका टेबलाचा आधार घेत, गणपतीकडे पाठ करून, काकूंच्या पुढ्यात उकिडवे बसले.

मागे कुजबुज झाली. देवाकडे पाठ करतात का कुणी? शुभदाताईंनी खुर्ची पुढे केली. "गुडघे धरलेत, असंच बरं वाटतं," काकांनी ठोकून दिलं. या माणसाला खुर्चीतून उठायलासुद्धा माझा हात लागतो.

गणपतीची आरती झोकात झाली. तेवढ्यात मूर्तीवरची दिव्यांची माळ विझली. अशा वेळी धावायचं काम युटिलिटी प्लेअरचं. मी काकूंच्या पायाशी वाकून प्लग चाचपडायला लागलो आणि समोर पाहिलं. काकांच्या मांड्यांच्या आड, झब्ब्याच्या सावलीत, त्यांचा उजवा हात होता. एक बोट खाली.

काकूंनी शंकराची सुरू केली.

मी प्लग हातात धरून तसाच बसून राहिलो. आरती संपली, आणि मांड्यांच्या आड दोन बोटं आली. काकूंनी बोटांकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. काकांनी पुन्हा दोन बोटं दाखवली. काकूंनी पुन्हा मान हलवली. हॉल ताटकळला होता. काकांच्या कपाळावर घाम आला होता, मांड्या थरथरत होत्या, पण बोटं हलली नाहीत. मग काकू, अगदी पूर्वी इल्फर्डच्या गप्पांना हसायच्या तशा, किंचित हसल्या आणि त्यांनी देवीची सुरू केली. मला काही दिसेनासं झालं. माळ लावायची राहूनच गेली.

विठोबाची झाली, दत्ताची झाली, एकही जागा चुकली नाही. लोकांनी काकूंना गराडा घातला. शुभदाताईंनी त्यांचे हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "उद्यापण तुम्हीच हं काकू." काका अजून खालीच होते. त्यांना उठता येत नव्हतं. मी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

"रोज सकाळी पोहे खाताना प्रॅक्टिस करतो आम्ही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शब्द तिचे तिला सगळे येतात. पुढे काय, तेवढंच कुणीतरी सांगावं लागतं."

दोघांना मी गाडीने घरी सोडलं. हॅरो-ऑन-द-हिलच्या चढावर काकूंनी मागून विचारलं, "अहो, आज आरती कोणी म्हटली?"

"तू म्हटलीस."

"चुकले का हो?"

"छे. मधे जरा ऐकत नव्हतीस माझं, बाकी झकास."

काकू समाधानाने खिडकीबाहेर बघायला लागल्या. घरापाशी त्यांना आत नेऊन बसवलं आणि मी काकांना पायरी चढवायला परत आलो. ते दोन्ही हातांनी गुडघे चोळत गाडीतच बसले होते.

"उद्याचं निभेल," ते म्हणाले. "पण हे गुडघे पुढच्या वर्षीपर्यंत टिकायचे नाहीत, मंदार. मला भीती वाटते रे. मी बसू शकलो नाही तर ती कुणाकडे बघणार?"

मी नुसता हात पुढे केला. त्यांनी तो धरला, पण उठले नाहीत. पहिल्या भेटीत न्याहाळलं होतं तसं चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं.

"इल्फर्डला आता तुला मागितलं तरी देणार नाही मी," ते म्हणाले. "तुला उकिडवं बसता येतं का?"