रंग कच्चा हाय

कादंबरी कात्रीने मधोमध कापून वाचणारा आमच्या शिरपुरात एकच माणूस आहे, आणि तो माझ्या वाचनालयाचा सभासद आहे. नुसता सभासद नाही, कार्यकारिणीवर आहे. पुस्तकांची नासधूस करू नये अशी जी पाटी मी दारात लावली आहे, ती लावण्याचा ठराव याच माणसाने मांडला होता.

जंबूकाका. स्टँडवरून जैन मंदिराकडे निघालात की डाव्या हाताला त्यांचं कापडाचं दुकान लागतं. दर्शनाला आलेले लोक तिथे टॉवेल घ्यायला थांबतात आणि कादंबरीबद्दल मत ऐकून जातात. टॉवेल मिळेलच असं नाही. मत मिळतंच.

काका बसून वाचत नाहीत. पुस्तक हातात धरून दुकान ते स्टँड आणि स्टँड ते दुकान अशा येरझाऱ्या घालत वाचतात. मोटारसायकलवाले त्यांना वळसा घालून जातात. गिऱ्हाईक आलं की पानांत बोट घालून कापड मोजतात, आणि नायिका संकटात असली तर मीटरमागे वीतभर जास्तच जातं. गावातल्या बायका म्हणे ब्लाऊजपीस घ्यायच्या आधी विचारतात, काका कोणत्या पानावर आहेत.

त्यांचं मत ठरलेलं. पुस्तक माझ्या टेबलावर आपटायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "ताई, रंग कच्चा हाय. एका धुण्यात जाते."

मग कारणं. खुनाच्या कादंबरीत चहा घेऊन येणाऱ्या माणसावर कोणालाच संशय येत नाही, म्हणून तोच खुनी. हे त्यांनी अख्ख्या स्टँडला सांगितलं. ती कादंबरी त्यानंतर कोणी नेली नाही. ऐतिहासिक कादंबरीत राजा घोड्यावर बसून दोन पानं बोलतो, तर घोडं तेवढा वेळ उभं राहतं का? "काठच काठ हाय, मधात कापडच नाही." प्रेमकथेत गैरसमजापायी दोघं दोनशे पानं झुरतात, दोघांच्याही खिशात मोबाईल. "एक फोन लावा नं बाप्पा." भुताच्या कादंबरीतलं भूत फक्त अमावास्येला येतं, म्हणून ते रोजंदारीवरचं. मंगळावरच्या वस्तीची एक जाडजूड कादंबरी मी मुद्दाम त्यांना दिली, म्हटलं इथे तरी काय खोट काढतील. दुसऱ्या दिवशी हजर. मंगळावर एवढी माणसं राहतात, पण कापडाचं दुकान एकही नाही, मग ती नेसतात काय? आणि खेड्यावरच्या कादंबरीच्या लेखकाने दिवाळीच्या आत कापून होणारी सोयाबीन पौषात सोंगली म्हणून त्याच्यावर तर काका इतके उखडले, की तो समोर असता तर त्याला शेतात नेऊन उभा केला असता. म्हणाले, यानं वावर एष्टीच्या खिडकीतून पाह्यलं.

मला हसू यायचं, पण रागही यायचा. मी ग्रंथपाल आहे; कादंबऱ्यांना वाचक मिळावेत म्हणून मी इथे बसते. आणि इथे हा माणूस चौकात उभा राहून प्रत्येक कादंबरीला नावं ठेवणार, लोकही ऐकणार. मागच्या वर्षी कादंबऱ्यांच्या कपाटावर इतकी धूळ साचली की मला शिंका यायला लागल्या.

आता कापाकापीचं सांगते.

पूर्वी काकांच्या दुकानाच्या ओट्यावर हबीबचाचा शिलाई मशीन घेऊन बसत. कापड आत घ्यायचं, शिवायला बाहेर टाकायचं, अशी सोय. दोघांनाही कादंबरीचं वेड आणि दोघांच्याही अंगात धीर नाही. नवी कादंबरी आली की दोघं एकदम माझ्यासमोर. आधी कोणी न्यायची यावरून दोघांत एकदा आठवडाभर अबोला झाला, तेव्हा काकांनी कापडाची कात्री काढली आणि कादंबरी बरोबर मधे कापली. पहिला अर्धा काकांना, दुसरा चाचांना. वाचून झाला की अदलाबदल. म्हणजे चाचा आधी शेवट वाचायचे आणि मग सुरुवात. मी त्यांना विचारलं होतं, असं कसं चालतं? चाचा सुई ओवत म्हणाले, शर्टाले आधी बाही लावली काय अन् कॉलर लावली काय, शर्ट तं शर्टच होते. नंतर ते दोन्ही भाग मशीनवर निळ्या दोऱ्याने शिवून, कडा कापून, साळसूदपणे परत आणून देत. मी दंड करी. दोघं अर्धा अर्धा भरत.

दिवसभर ओट्यावर तंटा. काकांना शेवट माहीत नसे, चाचांना सुरुवात. एकाने तोंड उघडलं की दुसरा कानावर हात ठेवी.

मग चाचांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आधी सुई दिसेना, मग अक्षर, मग माणूस. मशीन विकलं आणि मुलीने त्यांना केनवडला आपल्या घरी नेलं. ओट्यावर आता काकांनी एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली आहे. तिच्यावर कोणी बसलेलं त्यांना आवडत नाही.

चाचा गेले, पण पुस्तकं कापलेलीच परत येत राहिली. फक्त शिवण बदलली. गोधडीचा जाड दोरा, हाताने घातलेले वाकडेतिकडे टाके. मी चिडून विचारलं, आता वाचणारे तुम्ही एकटे, मग कापता कशाला? काका म्हणाले, सवय हाय. आणि स्टँडकडे जीप लागली का ते पाहायला निघून गेले.

यंदा गोष्ट गळ्याशी आली. कार्यकारिणीत सूर निघाला की कादंबऱ्यांची खरेदी बंद करावी आणि त्या पैशांत पोलीस भरतीची गाईडं घ्यावीत. गाईडांना माझी ना नाही. पोरं मैदानावर धावतात आणि दुपारी माझ्याकडे येऊन अभ्यास करतात. पण कादंबऱ्यांचं कपाट उचलून बाहेर ठेवायचं, हे मला मान्य नव्हतं. अध्यक्षांनी पुरावा म्हणून काकांचंच नाव घेतलं. एवढा वाचणारा माणूस म्हणतो एकही धड नाही, मग घ्यायच्या कशाला?

मी काकांना गाठलं. म्हटलं, बैठकीत फक्त एका कादंबरीला चांगलं म्हणा. कोणत्याही. काका नुसतेच इकडून तिकडे फिरत राहिले. शेवटी म्हणाले, "ते सोडून काई बी सांगा ताई."

त्या वेळी त्यांच्याकडे एक मोठी कादंबरी होती. एकाच घरात राहणारे बाप-लेक, वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे. मी ती वाचून रडले होते. काका मात्र चार दिवस गावभर सांगत फिरत होते की असं रटाळ पुस्तक जन्मात पाहिलं नाही. मूग गिळून बसलेल्या दोन माणसांवर कोणी एवढा कागद नासतं का? मी चिडून म्हटलं, पुस्तक आत्ताच्या आत्ता परत करा. तर म्हणाले, अर्धंच हाय माह्याजवळ.

"आणि दुसरं अर्धं?"

"केनवडले."

मी पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर जीपमध्ये चढले. वाचनालयाची वस्तू ताब्यात घ्यायला.

जीप चालवत होता चाचांचा भाचा. काका पुढे बसले आणि सगळ्या रस्त्याने त्या कादंबरीची खरडपट्टी काढत राहिले. इतक्या मोठ्याने की जीपमध्ये मागे भरलेल्या बकऱ्याही माना वर करून पाहत होत्या.

चाचा अंगणात बाजेवर बसले होते. उशाशी कापडात गुंडाळलेला कादंबरीचा दुसरा अर्धा भाग. काकांनी त्यांच्या हातात पहिला दिला, चाचांनी दुसरा काढून दिला, अदलाबदल पूर्वीसारखीच. चाचांनी आपला भाग नाकाजवळ नेऊन हुंगला आणि त्याच कापडात नीट बांधून ठेवला. मग त्यांनी विचारलं, कशी हाय?

"रंग कच्चा. तू सुटला बरं हबीब. माह्यासारखं डोळे फोडून वाचलं असतं तं पस्तावला असता."

चाचा हसले. गेल्या आठवड्यातली कशी होती? तीही तशीच. त्याच्या आधीची? ती तर त्याहून गई-गुजरी. काकांनी चाचांसमोर दुनियेतली एकही चांगली कादंबरी शिल्लक ठेवली नाही. ते सांगतानाही त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून अंगणात. चाचांच्या मुलीने फुटाणे आणि गूळ आणून ठेवला. काका सूर्य बुडाल्यावर खात नाहीत आणि बाहेरचं फारसं घेत नाहीत, हे त्या घराला पाठ आहे. काका फुटाणे तोंडात टाकून जीप सुटेल म्हणून पाहायला गेले.

मला तोवर सगळं समजलं होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मी चाचांना एवढंच म्हटलं, काका तुमच्यासाठी...

चाचांनी हात वर करून मला थांबवलं. "मले मालूम हाय, बेटी. वाईट कापडाले जंबू नुसता नाक मुरडते. एवढ्या शिव्या तो चांगल्यालेच देते. जेवढी लंबी शिवी, तेवढी भारी कादंबरी. ह्या बाप-लेकाची तं लयच भारी असन, नाही का?"

मी हो म्हटलं.

"पन त्याले सांगू नका. त्याले वाटते, तो मले दुःखातून वाचवून राह्यला. वाटू द्या." मी नाही सांगणार, असा शब्द दिला.

परतीच्या जीपमध्ये काका उरलेला अर्धा भाग मांडीवर धरून बसले होते. गाडी हलत होती, तरी त्यांनी वाचायला घेतलाच. मधूनच भाच्याला ऐकू जाईल असं "काई दम नाही" म्हणत, आणि पान उलटायला मात्र घाई. शिरपूरच्या आधी केव्हातरी धीर न धरवून त्यांनी थेट शेवटची पानं उघडली.

स्टँडवर उतरलो. ऊन कलतीला लागलं होतं. घरी काकू ताट वाढून बसलेल्या असणार. या वेळी काका रस्त्याने अक्षरशः पळतात. पण ते हलेनात. जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत थांबले आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या बापानं शेवटी आपल्या ताटातली भाकर पोराच्या ताटात टाकली नं ताई... एक शब्द न बोलता."

मग ते बोलतच राहिले. तो बाप, तो मुलगा, मधली ती आई, घराच्या मागची विहीर. कोणतं वाक्य कुठे आलं, ते वाचून त्यांना काय वाटलं. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून एका पुस्तकाचं कौतुक ऐकलं नव्हतं, आणि आता ते थांबायला तयार नव्हते. हातवारे नाहीत, येरझाऱ्या नाहीत. प्रथमच मी त्यांना एका जागी उभं असलेलं पाहिलं.

"हे बैठकीत सांगा ना काका," मी म्हटलं.

"शिरपुरात बोललेलं केनवडले जीपच्या आधी पोचते. हबीबच्या कानावर गेलं, का पुस्तक इतकं चांगलं होतं, तं त्याचा जीव किती जळन? आधी चांगलं वाचलं का पह्यले हबीबले सांगाचं. आता त्यालेच सांगता येत नाही. मंग सांगू कोनाले?"

मी चाचांना शब्द दिला होता, म्हणून गप्प बसले. तेवढ्यात काकांनी मान वर करून पाहिलं. सूर्य मंदिरामागे केव्हाच गेला होता. त्या रात्री ते उपाशी झोपले. काकूंनी दुसऱ्या दिवशी मला बोल लावला, आणि मी तो घेतला.

बैठकीत अध्यक्षांनी काकांना मत विचारलं. काका उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले की आजकालच्या सगळ्या कादंबऱ्या टाकाऊ आहेत. "अन् म्हनूनच आनल्या पाह्यजे," ते पुढे म्हणाले. "वाईट माल बाजारात आला, तं लोकायले सावध कोन करन? आना. जास्त आना. मी वाचतो." गाईडंही आली आणि कादंबऱ्याही.

आता दर आठवड्याला काका येतात. दारातूनच, सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं, रंग कच्चा असल्याचं जाहीर करतात. मग पोरं अभ्यासात बुडाली की माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात खरं सांगतात. मी ऐकते. मी काही हबीबचाचा नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

परवा नव्या कादंबऱ्यांचा गठ्ठा आला. वरची काढून मी काकांच्या हातात दिली, आणि टेबलाच्या खणातली कात्री काढून तिच्यावर ठेवली.

काकांनी कात्रीच्या धारेवरून अंगठा फिरवला आणि ती मला परत दिली. "ही कागदाची हाय, ताई," ते म्हणाले. "माह्याजवळ कापडाची हाय."