आमटीत मीठ घातलं का?

आमटीत मीठ घातलं की राहिलं, हे भक्तीला काही केल्या आठवेना. टोपात बांगडे रटरटत होते, पर्यटकांची अख्खी बस जेवायला यायची होती, आणि चाखून बघावं तर सोमवार. मालवणातल्या तुळसावैनींच्या खानावळीत सोमवारी पाहुण्यांना मासे मिळत, पण रांधणारं कुणी माशाला तोंड लावत नसे. भक्तीही त्यातलीच.

विचारायचं तरी कसं? फोंडाघाटच्या आधीच्या हॉटेलात असंच एकदा विचारलं, तर "एवढंही कळत नाही?" म्हणून मालकाने चारचौघांत पाणउतारा केला आणि तिला घरी पाठवलं. इथे लागून जेमतेम आठवडा झालेला. ही नोकरीही गेली तर खारेपाटणला आईला काय सांगायचं? तिने गुपचूप मूठभर मीठ टाकलं आणि देवाचं नाव घेतलं.

बसचा ड्रायव्हर सुशांत सगळ्यांच्या आधी ताटावर बसला. पहिला घास गेला आणि त्याने तोंडाला लावलेला तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

"वैनी, आमटीत दर्या ओतलात काय?"

 भक्ती गप्प राहिली तर भाकऱ्या थापणाऱ्या मंगेशवर आळ येणार, हे तिला दिसत होतं.

"वैनी, मीठ मी घातलंय," ती म्हणाली. "आधी घातलेला की नाय, ता आठवना. आणि इचारूचो धीर झालो नाय."

मंगेश भक्तीकडे बघत खाकरला. "मी पण घातलंय. म्हटला, नवा चेडू इसारला आसात, उगाच बोलणी खायत."

तुळसावैनी गप्प बसू शकल्या असत्या. मालकिणीला कोण विचारणार? पण त्यांनी पदराला हात पुसले.

"मी पण," त्या म्हणाल्या. "चेडवाक चार लोकांत कित्याक सांगूचा, म्हणान गुपचूप घातलंय. चूक माझी. हयसर इचारूक भीती वाटता, ह्या माका आधी कळाक होया होता."

अशी मालकीण भक्तीने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तिला रडूच आलं.

तेवढ्यात वैनींचे यजमान भाई गल्ला सोडून दारात येऊन उभे राहिले. "मी पण जराशा..."

"तुमी?"

"टोपाचा झाकण उघडा दिसला."

मग नारळ फुटले, रस निघाला, आमटी दोन टोपांत वाटली गेली आणि बसवाल्यांनी बोटं चाटली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी वैनींनीच मोठ्याने विचारलं, "भक्ती, मीठ घातलंस गो?"

"अजून नाय, वैनी."

बाहेरून भाईंचा आवाज आला, "मी घालू काय?"

"नको," तिघांनी एकदम सांगितलं, आणि त्यात भक्तीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.