त्रेपन्न डोक्यांचं विलीनीकरण

ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातलं आमचं पगड्यांचं दुकान माझ्याइतकं चांगलं कुणीच चालवू शकणार नाही, हे मला पंधराव्या वर्षीच कळलं होतं. फक्त बाबांना कळायचं बाकी होतं. दसऱ्याला ते दुकानाची गादी माझ्या चुलतभावाला, बळवंतदादाला देणार होते.

"पण पगड्या तर मी बांधते."

"बांध की. गादीवर मुलगी बसवायची आपल्यात रीत नाही, शरयू."

मग बाबा चार दिवस उज्जैनला गेले आणि मी कारभार करून दाखवायचं ठरवलं.

आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचं लाकडी डोकं असतं, त्याला नावाची चिठ्ठी. त्यावरच त्याची पगडी बांधायची. अशी त्रेपन्न डोकी. तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर अशी संस्थानं मिळून नुकताच मध्यभारत झाला होता. राज्यं एक होतात, मग डोक्यांनी काय घोडं मारलंय? मी चिठ्ठ्या उपटल्या. लहान, मध्यम, मोठं अशी तीनच डोकी ठेवली, बाकीची माळ्यावर.

"काका मारेंगे तुला," बळवंतदादा म्हणाला.

"राज्यकर्त्याने भिऊन चालत नाही."

तीन दिवसांत आठ पगड्या गेल्या. इतका झपाटा बाबांनाही जमला नव्हता.

चौथ्या दिवशी बाबा टांग्यातून उतरतात तोच सरदार जयसिंहराव भिंत चाचपत आले. कोंबडीवर डालगं ठेवावं तशी पगडी नाकापर्यंत.

"कान्होजी, नोकरी टिकवायला नव्या मंत्र्यांकडे गेलो होतो. दिसेना काही. मी त्यांच्या चपराश्याला मुजरा केला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टूल ओढलं, त्यावर चढले, पगडी सोडली आणि सरळ जयसिंहरावांच्याच डोक्यावर बांधायला घेतली. एका सरदाराच्या डोक्याला मुलगी हात लावतेय म्हणून अर्धा बाजार गोळा झाला. बाबांनी डोळे मिटून घेतले.

जयसिंहरावांनी आरसा पाहिला, मान डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली.

"कान्होजी, पुढे हिच्याच हातची पाहिजे. दुकान कुणाच्या हाती देताय?"

बाबांनी जमलेल्या बाजाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "हिच्याच."

उरलेल्या सात पगड्यांविषयी मी अवाक्षर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच ऐटीत गादीवर बसले. अकरा वाजेपर्यंत सात सरदार मालकाला शोधत आले, आणि बळवंतदादाने प्रत्येकाचा हात धरून, अगदी अदबीने, त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं.