कारखानीसांचं आरमार

कुवेतमधल्या पाच-सहा घरांत वसंत कारखानीसांचा स्वतःचा कप होता. आमच्या अब्बासियातल्या फ्लॅटमध्ये निळा, फरवानियात पिवळा, फहाहीलमध्ये कान तुटलेला. ज्याच्या घरी कप, त्याच्या घरी आठवड्यातून एकदा कारखानीस. दारात चपला काढतानाच म्हणायचे, "कोळसा संपला."

पहिल्यांदा आमच्या सुनेला वाटलं, त्यांच्याकडचा गॅस संपलाय.

कारखानीस शुवैखच्या एका गोदामात हिशेब बघत आणि उरलेल्या वेळात सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत राहत. तिथलं आरमार हा त्यांचा विषय. "जहाज केवढं ते बघू नका भागवत," ते मला सांगत. "कोळसा कुठे भरणार, ते विचारा. अमेरिकेला माल विकायचा चीनमध्ये. मध्ये अख्खा पॅसिफिक. वाफेचं जहाज अर्ध्यात बंद पडणार. मग घ्या हवाई, घ्या ग्वाम, घ्या फिलिपिन्स. तिकडे जर्मनी, इंग्लंड, जपान, सगळे टपलेलेच."

"आणि तिथल्या लोकांचं काय?"

"त्यांना कोण विचारतंय? हवाईत तर राणी होती. तिला आधीच खाली उतरवलेली. मी निदान तुमच्या सुनेला विचारून कप ठेवला."

आखातात आज कुणाची जहाजं उभी आहेत, यावर त्यांचं मत काय, असं कुणी विचारलं तर हात झटकत. "आजचं आजचे लोक बघतील. माझी अजून हवाई उरकायची आहे."

बाकी जगातला कुठलाही प्रश्न मात्र ते या मापानं मोजत. कुणी मुलीचं स्थळ सांगितलं, मुलगा टोरांटोत, पगार उत्तम, की कारखानीस विचारत, "तिथे तिचं ओळखीचं कोणी आहे का? मग कोळसा कुठे भरणार?" मुलीची आई चिडायची. मुलगी मात्र विचारात पडायची.

एकदा आमच्या मराठी मंडळात फूट पडली. दोन्ही गटांनी पाडव्याचा मेळावा एकाच शुक्रवारी, एकाच बागेत ठेवला. कारखानीस समेटाला गेले आणि त्यांनी सामोआची गोष्ट लावली. त्या बेटांवरून जर्मनी आणि अमेरिका अडून बसले होते. दोघांच्या युद्धनौका एकाच बंदरात, एकमेकींवर डोळे लावून. वादळ येतंय हे दिसत होतं, पण आधी नांगर कोण उचलणार? शेवटी वादळानंच दोघांची जहाजं फोडली. एक इंग्रज जहाज तेवढं वेळेवर समुद्रात निघालं आणि वाचलं.

"म्हणजे आम्ही जर्मन का?" एका गटाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही ठरवा," कारखानीस म्हणाले. "मी इंग्रज. मी घरी थांबतो."

त्या शुक्रवारी अशी धूळ उठली की दोन्ही गटांची श्रीखंडं वाळूसकट परत गेली. त्यानंतर कारखानीसांनी तोंड उघडलं की लोक आधी आभाळाकडे बघत.

मंडळात त्यांना 'फुकटचं आरमार' म्हणत. चहाचा खर्च वाचवायला हा माणूस घरोघर हिंडतो, असा समज. ते नाव मी ठेवलेलं. एका हळदीकुंकवाला पुरुषांच्या घोळक्यात मी ते सोडलं, सगळे पोट धरून हसले, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. माझी बायको गेल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा कारखानीसांनी आमच्याकडे कप आणून ठेवला होता. मुलगा-सून ऑफिसला, मी घरात एकटा, आणि हे गृहस्थ दर सोमवारी पनामाचा कालवा खणतायत. मला राग यायचा. तो मी असा काढला. ते आता इथे नाहीत आणि मंडळात अजून तेच नाव चालतं, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या कंपनीनं म्हातारी माणसं कमी केली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीचा, तेव्हा नोकरी गेली की देश सोडायचा. नाशिकला पुतण्याकडे जायचं ठरलं. सामानाची त्यांना फिकीर नव्हती. फिकीर एकच, ठाणी कुणाच्या ताब्यात द्यायची.

"साम्राज्य बुडतंय," ते म्हणाले. "फहाहील तुम्ही घ्या."

"मला काय करायचंय फहाहील?"

"मंगळवारी जायचं, चहा प्यायचा, यायचं. हमीदाबी म्हणून आहेत, श्रीवर्धनकडच्या. मुलगा तेलकंपनीत, सून नर्स. दिवसभर बाई एकट्या. कुणाशी बोलू म्हणतात."

"मी काय बोलणार त्यांच्याशी? मला आरमार येत नाही."

"त्यांनाही नाही येत. मी गेली चार वर्षं सांगतोय, अजून फिलिपिन्स कुठे ते विचारतात."

मी विषय बदलला. विमानतळावर निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, "फहाहील?" त्यांचा चेहरा बघून मी मान डोलावली.

तीन मंगळवार टाळले. चौथ्या मंगळवारी स्वतःचीच लाज वाटून बस पकडली. एका एकट्या बाईवर आपण केवढे उपकार करतोय, याच विचारात फहाहील आलं.

हमीदाबींनी दार उघडलं. ठेंगण्या, चष्मा कपाळावर. "भागवतभाऊ ना? किती उशीर केलात. मी दर मंगळवारी वाट बघते. बसा."

चहा आला, खजूर आले, तांदळाच्या पिठाची तळलेली बोरं आली. गुडघ्यांचं बोलून झालं, श्रीवर्धनच्या सुपारीचं बोलून झालं. मग त्या जरा पुढे सरकून, लहान मुलाला विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, "आता बरं वाटतं ना घरात?"

"म्हणजे?"

"कारखानीसभाऊ सांगून गेलेत सगळं. बायको गेल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही. म्हणाले, हमीदाबी, माणूस भिडस्त आहे, आपणहून यायचा नाही, मीच काहीतरी सांगून पाठवतो. तुम्ही तेवढं त्याला सांभाळा." त्यांनी माझ्या बशीत आणखी दोन बोरं टाकली. "मला काय, मी घरीच असते. तुम्हाला काय सांगून पाठवलं हो त्यांनी?"

मी चहाचा घोट घेतला.

"हेच," मी म्हटलं. "की मला करमत नाही."